ब मधून क मध्ये

काल रात्री बारा वाजून दहा मिनिटांनी मी माझ्याच हाताने मला खाली उतरवलं. अगदी खरंखुरं, हाताने. मी चालवतो त्या ऑनलाइन बोर्ड गेम लीगच्या शीटमध्ये 'ब'च्या टॅबवरची माझ्या नावाची सातवी ओळ सिलेक्ट केली, कट केली, 'क'च्या टॅबवर जाऊन पेस्ट केली आणि ग्रुपवर यादी टाकली की सोळावा सीझन संपला, अमुक वर गेले, तमुक खाली आले, सगळ्यांचं अभिनंदन, पुढचा सीझन पुढच्या आठवड्यात. तमुकमध्ये मी. दोन मिनिटांत सांगलीहून आत्याचा मेसेज, वय वर्षं एकाहत्तर, रात्री सव्वाबारा वाजता जागी: "झोप आता. नियम तूच केलायस ना?"

हो, मीच केलाय.

तर हे सगळं सुरू झालं एप्रिल २०२० मध्ये, तेव्हा काय काय सुरू झालं हे सगळ्यांनाच माहितीये, कुणी डालगोना कॉफी फेटत होतं कुणी बाल्कनीत कोथिंबीर लावत होतं, आम्ही आठ जणांनी बोर्ड गेम अरेनावर खाती उघडली. दोन फ्रेंच माणसांनी २०१० मध्ये काढलेली साईट, ब्राउझरमध्येच खेळायचं, डाऊनलोड वगैरे भानगड नाही, त्यामुळे आत्यालासुद्धा फोनवरून पंधरा मिनिटांत समजावता आली. खेळ होता कार्कासोन. ७२ चौकोनी फरश्या, एक आधीच टेबलावर, बाकीच्या एकेक उचलून जोडत जायचं, रस्ते होतात, शहरं होतात, त्यावर आपली छोटी लाकडी माणसं उभी करायची. आठ जण, प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा, म्हणजे २८ डाव. मी एक तक्ता केला आणि फार खूश झालो.

तिसऱ्या आठवड्यात तक्त्याची वाट लागली. वरचे तिघं चुरशीने खेळत होते आणि खालचे पाच जण हळूहळू गायब. एकाला नेट नाही, एकीची मीटिंग, एकाचं डोकं दुखतंय, आणि गंमत म्हणजे हीच मंडळी रात्री साध्या फुटकळ डावाला बोलावलं की लगेच हजर. मला आधी राग आला, मग एका रात्री मी स्वतःच पाहिलं की माझा पुढचा डाव जिंकला तरी मी पाचवा आणि हरलो तरी पाचवाच, तेव्हा माझंही डोकं दुखायला लागलं. माणूस हरण्याला कंटाळत नाही हो, हरून किंवा जिंकून काहीच फरक पडत नाही ह्याला कंटाळतो. त्याला आमच्या ग्रुपवर पुढे शब्द पडला 'मेलेली मॅच'. सोळा सीझन मी जे काय केलंय ते एवढंच, मेलेल्या मॅचेस कमी करत आलोय.

आयडिया थोरल्या काकांची. त्यांना बोर्ड गेममधलं ओ की ठो कळत नाही, पण ते कांगा लीग खेळलेले. मुंबईबाहेरच्यांसाठी सांगतो, डॉक्टर कांगांच्या नावाने १९४८ पासून चालू असलेली क्लबांची क्रिकेट लीग, आणि ती खेळतात पावसाळ्यात. हो, मुंबईच्या पावसाळ्यात. पिच उघडं, आउटफिल्डला गवत एवढं वाढलेलं की जमिनीलगत मारलेला बॉल चार पावलांवर थांबतो, आझाद मैदानावर एका मॅचचा कव्हर दुसऱ्या मॅचच्या स्लिपशेजारी उभा. ए पासून जी पर्यंत डिव्हिजन. गावसकरांचा दादर युनियन वगैरे सगळे वर, आणि पार खाली आमचे काका, एफ मध्ये. बँकेत नोकरी, रविवारी पहाटे किटबॅग घेऊन लोकल, संध्याकाळी चिखलाचे कपडे आणि काकूची बोलणी. मी लहानपणापासून त्यांच्याकडून कांगाचे किस्से ऐकतोय आणि एकदाही त्यांनी स्वतःच्या रन्स सांगितल्या नाहीत, सांगतात काय तर "आम्ही एफ मधून ई मध्ये गेलो ना ते साल". ते साल! जणू काही १९८३. त्या मॅचला बघायला किती जण होते विचारलं तर म्हणाले, "अकरा ते, अकरा आम्ही, दोन अंपायर आणि एक चणेवाला. तोही पाऊस आला तसा गेला."

मी फोनवर रडगाणं गायलो की लोक खेळत नाहीत, तर म्हणाले, "अरे सगळ्यांना एकाच घोळक्यात कशाला टाकतोस? माझी लढत दादर युनियनशी नव्हतीच कधी, माझी लढत ई मध्ये जाण्याशी होती. तुझ्या त्या पाचव्या माणसाला लढायला काहीतरी दे की."

मग दुसऱ्या सीझनपासून अ आणि ब अशा दोन लीग झाल्या, सहाव्यात क आला, आणि आता अ ब क ड ई अशा पाच, प्रत्येकात सात जण, पस्तीस माणसं. पुणे, ठाणे, सांगली, सोलापूर, नागपूर, मडगाव, मस्कत, न्यू जर्सी, डब्लिन. प्रत्येक लीगमधून दोघं वर, दोघं खाली. माझ्या आईने एकदा ऐकलं की आमच्या अमक्याचं प्रमोशन झालं आणि तिने त्याच्या आईला फोन करून अभिनंदन केलं, पेढे कधी म्हणून विचारलं. त्याला खरं प्रमोशन मिळून तीन वर्षं झाली नव्हती, त्यामुळे घरी जरा अवघड झालं.

सातच का, ह्याची वेगळी गोष्ट आहे, आणि ती मला ह्या सगळ्या उद्योगातली सगळ्यात आवडती आहे.

चौथ्या सीझनला लोकांनी मागणी केली की दोघांचे डाव पुरे, चौघांचं टेबल हवं, गप्पा होतात, मजा येते. खेळही बदलला, अझूल घेतला. मायकेल किसलिंगचा २०१७ चा खेळ, पोर्तुगीज निळ्या फरश्यांवर बेतलेला, त्याच त्या पणजीत मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या भिंतीवर दिसतात तसल्या. आमच्या मडगावच्या भिडूला म्हणूनच वाटतं की खेळ त्याच्या घरचा आहे. तर चौघांचं टेबल म्हटल्यावर माझा तक्ता बसेना. दोघांच्या डावात प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळलं की झालं. चौघांत काय करायचं? मी आठ जण घेतले, सहा घेतले, दोन रात्री एक्सेलशी झटापट केली, कुठेतरी एक जोडी तीनदा समोरासमोर येते आणि दुसरी एकदाही येत नाही. आणि ते चालत नाही, कारण अ मधल्या वाघाशी तीनदा बसलेला माणूस म्हणणारच की माझ्यावर अन्याय झाला, आणि ते बरोबरच असतं.

शेवटी ग्रुपवर विचारलं. नागपूरचे एक रिटायर्ड गणिताचे प्राध्यापक आमच्या क लीगमध्ये आहेत, आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो. त्यांनी जुन्या डायरीच्या पानाचा फोटो पाठवला. त्यावर पेनाने सात ओळी, बाकी एक अक्षर नाही:

३५६७
१४६७
१२५७
१२३६
२३४७
१३४५
२४५६

मी दहा मिनिटं बघत बसलो. खेळाडूंना एक ते सात नंबर द्या, प्रत्येक ओळ म्हणजे एक टेबल. सात टेबलं, प्रत्येक जण बरोब्बर चार टेबलांवर, आणि कुठलीही जोडी घ्या, एक-दोन घ्या, तीन-सात घ्या, बरोब्बर दोनदा भेटते. ना कमी ना जास्त. हे वाचताय तर एक जोडी पकडून बघाच, मी तेव्हा सगळ्या एकवीस जोड्या तपासल्या कारण माझा विश्वासच बसेना.

सरांना फोन केला तर ते पाऊण तास बोलले. फानो नावाच्या इटालियन गणितज्ञाच्या नावाची एक सात बिंदू सात रेघांची आकृती आहे, प्रत्येक रेघेवर तीन बिंदू, त्या रेघेवर *नसलेले* जे चार ते आपलं टेबल. आणि मग ते हळूच म्हणाले, "असल्या मांडण्यांचा बादशहा आपला होता, माहितीये का?" शरच्चंद्र शंकर श्रीखंडे. नागपूरच्या सायन्स कॉलेजात शिकले, पुढे अमेरिकेत गणितज्ञ आर. सी. बोस ह्यांच्याकडे पीएचडी केली, आणि १९५९ मध्ये बोस, श्रीखंडे आणि पार्कर अशा तिघांनी अठराव्या शतकातल्या थोर गणितज्ञ ऑयलरचं १७८२ चं एक अनुमान खोटं पाडलं. ऑयलरचं! १७७ वर्षं कुणाला हललं नव्हतं. न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर बातमी आली, लोक त्यांना 'ऑयलर्स स्पॉयलर्स' म्हणायला लागले. नंतर मुंबई विद्यापीठाचा गणित विभाग त्यांनी उभा केला. सर म्हणाले, "गेले ते २१ एप्रिल २०२० ला. एकशे दोन वर्षांचे होते. लॉकडाऊनच्या गडबडीत कुणाला कळलंही नाही."

मी जुना ग्रुप वर स्क्रोल करून पाहिलं. २१ एप्रिल २०२० ला आमच्यात वाद चालला होता की अर्धवट शहराला शेवटी मार्क मिळतात की नाही.

तर सात. सातमधले दोन वर, दोन खाली, तिघं जागेवर. कागदावर हे फार उलथापालथीचं वाटतं, म्हणजे दर सीझनला निम्म्याहून जास्त माणसं हलतात, आणि एक-एकच हलवावा असं म्हणणारा एक गट आमच्यात कायम असतो (तो गट बहुतेक वेळा अ लीगमध्ये राहतो, योगायोग). पण एकेक करून पाहिलंय, दोन सीझन. मधले पाच जण परत निवांत, परत डोकेदुखी. दोन-दोन केलं की चौथ्या नंबरवरचा माणूससुद्धा शेवटच्या टेबलापर्यंत वर जाऊ शकतो किंवा बुडू शकतो, आणि तो रात्री अकरा वाजता चाल खेळतो.

बाकी नियम मात्र वाढत गेले. पहिल्या सीझनला सहा ओळी होत्या, आता सोसायटीच्या बायलॉजसारखी चार पानं आहेत आणि प्रत्येक कलमामागे एक भांडण आहे. वरच्या लीगमधून कुणी सोडून गेलं तर त्याची जागा कुणाला, खालून तिसऱ्या आलेल्याला की बुडालेल्या सहाव्याला? ह्यावर तीन दिवस ग्रुप पेटला होता. एक म्हणे बुडालेला तो बुडालेला, दुसरा म्हणे जो त्या लीगमध्ये खेळलाय त्याचा हक्क आधी. शेवटी सोलापूरच्या डॉक्टरांनी आरएसीचा तोडगा काढला, खालचा तिसरा म्हणजे आरएसी एक, बुडालेला सहावा आरएसी दोन, चार्ट लागेपर्यंत थांबा. आश्चर्य म्हणजे सगळे गप्प झाले. रेल्वेच्या भाषेत सांगितलं की आपल्याला अन्याय कमी वाटतो बहुतेक, सवय असते.

चालीला चोवीस तास. गणपतीत घड्याळ बंद, कारण आमचे सहा जण कोकणात जातात आणि तिथे आरतीच्या वेळी नेट शोधत माडाखाली फिरणं बरं दिसत नाही. डब्लिनवाल्याने विचारलं ख्रिसमसला पण बंद का, तर तेव्हाही बंद ठेवावं लागलं. एखादा तगडा नवखा आला की काय करायचं? तो बिचारा ई मध्ये बसून सगळ्यांना झोडपतो, वर्षाला तीन सीझन धरले तर अ मध्ये पोचायला त्याला एक वर्ष चार महिने लागतात, तोवर वाटेत प्रत्येक लीगचा एक सीझन नासवतो. ह्यावर उत्तर मला अजून सापडलेलं नाही. आणि ई मधून खाली कुठे? कुठेच नाही, म्हणून ई मधल्या सहाव्या-सातव्याच्या मॅचेस मरतात. वेटिंग लिस्ट असेल तेव्हा सातव्याला एक सीझन बाहेर बसवायचं असं ठरवलं, तर वेटिंग लिस्ट असली की ई लीग सगळ्यात चुरशीची होते आणि नसली की सुतकी. म्हणजे मी आता दर सीझनला दोघा-तिघांना हाताला धरून रांगेत उभं करतो, ऑफिसातल्या पोरांना, शेजाऱ्यांना, खेळायचं नसलं तरी नुसतं नाव द्या म्हणून. इंटरनेटवर खोटी गर्दी करणारा मी एकटा नसेन.

आता आत्या आणि जावईबापूंचं प्रकरण सांगतो, त्यांच्या परवानगीने. आत्याची परवानगी "सांग की, मी काय चोरी केलीय" अशी मिळाली, जावईबापूंनी नुसता हात जोडलेला इमोजी पाठवला.

सीझन अकरा, ब लीग. आत्या आणि तिचा हिंजवडीतला जावई दोघं योगायोगाने एकाच लीगमध्ये आले, ती क मधून चढून, तो अ मधून उतरून. शेवटचं टेबल चौघांचं, त्यात दोघं. जावई सेफ, ना वर जाणार ना खाली. आत्या काठावर, तिसरी आली तर बुडाली, दुसरी आली तर वाचली. अझूल ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी एवढंच, की मध्ये नऊ गोल थाळ्या असतात, प्रत्येकीत चार रंगीत फरश्या. आपल्या पाळीला एका थाळीतल्या एका रंगाच्या सगळ्या उचलायच्या, उरलेल्या मधोमध सरकतात, मधूनही उचलता येतं. उचललेल्या आपल्या पाटावरच्या एका रांगेत भरायच्या, रांग भरली की तिची एक फरशी शेजारच्या भिंतीवर चढते, आणि आडव्या-उभ्या रांगा पूर्ण करायच्या त्या भिंतीवर. रांगेत न मावलेल्या जमिनीवर पडतात आणि त्याचे मार्क कापले जातात. शेवटच्या फेरीत एका थाळीत तीन निळ्या होत्या. जावयाच्या रांगेत त्या तीन फिट्ट बसत होत्या, शेंबडं पोरसुद्धा उचलेल. त्याने मधली एक लाल उचलली. ती त्याच्या कुठल्याच रांगेत बसत नव्हती, थेट जमिनीवर, वजा. पुढची पाळी आत्याची, तिने तीन निळ्या घेतल्या, उभी रांग पूर्ण, सात मार्क बोनस, दुसरा नंबर.

मस्कतवाल्याने स्क्रीनशॉट टाकला. खाली एकच वाक्य: "जावई माझा भला."

इंग्लंडमध्ये हेच झालं होतं १८९८ मध्ये. तेव्हा तिथल्या फुटबॉल लीगमध्ये वरच्या डिव्हिजनचे शेवटचे दोन आणि खालच्याचे पहिले दोन अशा चौघांच्या आपसात मॅचेस घेऊन ठरवायचे की पुढच्या वर्षी वर कोण. शेवटच्या मॅचला स्टोक आणि बर्नली समोरासमोर, आणि बरोबरी झाली तर दोघांचंही काम होत होतं. झाली. शून्य-शून्य. नव्वद मिनिटं गोलच्या दिशेने धड शॉट नाही, सांगतात की प्रेक्षक इतके वैतागले की स्टँडमध्ये आलेला बॉल परत देईनात. त्यानंतर ती पद्धतच रद्द झाली आणि सरळ वर-खाली सुरू झालं. मी हा किस्सा ग्रुपवर टाकला, वाटलं वातावरण हलकं होईल. नाही झालं. मस्कतवाला म्हणाला, म्हणजे तुलाही मान्य आहे की सेटिंग होतं.

आणि मुळात जावयाने आत्याला सांगितलंच नव्हतं. तिला स्क्रीनशॉट बघून कळलं. तिने आधी त्याला फोन केला, त्यात काय झालं ते मला माहीत नाही, मग मला. "मला खाली टाक." मी म्हटलं आत्या, नियमात तसं काही नाही, तो चुकला असेल. "तो आयटीत आहे, त्याला तीन आणि एक कळत नाही होय? मला खाली टाक. मी माझी चढून येते." मी ऐकलं नाही, नियमात नव्हतंच. तर तिने पुढच्या सीझनला नावच दिलं नाही. ते संपल्यावर ई मध्ये नाव नोंदवलं, पार खालून. आणि तीन सीझनमध्ये, सलग तीन, ड, क, ब. ह्याला म्हणतात सांगली.

त्यावरून कलम चौदा आलं. नात्यातली दोन माणसं एका लीगमध्ये आली तर त्यांची दोन्ही टेबलं सीझनच्या पहिल्या आठवड्यात, जेव्हा कुणाला काय लागणार हे कुणालाच माहीत नसतं. ही अक्कल माझी नाही, बुद्धिबळातली आहे. २०२४ च्या कँडिडेट्सला, म्हणजे जगज्जेत्याला आव्हान कोण देणार हे ठरवणाऱ्या स्पर्धेला, गुकेश, प्रज्ञानंद आणि आपला नाशिकचा विदित गुजराथी असे तीन भारतीय होते, प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचं होतं, तर स्पर्धेच्या दोन्ही अर्ध्यांत त्यांचे आपसातले डाव पहिल्या तीन फेऱ्यांतच उरकून घेतले होते. जावई-सासू कलम म्हणतात सगळे त्याला. कागदावर 'कलम १४' असंच आहे.

आणि आता कलम नऊ, म्हणजे ज्याने माझा घात केला ते.

मार्क आम्ही असे देतो, टेबलावर पहिल्याला सहा, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला एक, चौथ्याला भोपळा. मार्क सारखे झाले तर पूर्वी चारही डावांतल्या स्कोअरची बेरीज बघायचो. ते मला पटत नव्हतं. अझूलमध्ये कुणीही आडवी रांग पूर्ण केली की ती फेरी शेवटची, म्हणजे डाव पाच फेऱ्यांतसुद्धा संपतो. धडाधड संपवणाऱ्या माणसाच्या टेबलावर सगळ्यांचेच स्कोअर कमी, रेंगाळणाऱ्याच्या टेबलावर सगळ्यांचे जास्त. मग बेरीज कसली मोजताय, शेजारी कोण बसला होता ते मोजताय. मी म्हटलं आपल्याकडे सरांचा तक्ता आहे, प्रत्येक जोडी दोनदाच भेटते, तर आपसात कोण कुणाच्या पुढे आला एवढंच बघा. भाषण केलं जवळजवळ. श्रीखंड्यांचं नाव घेतलं. मतदान झालं, पास झालं.

परवा रात्री ब लीगचं शेवटचं टेबल. माझे सहा मार्क आधीचे. दुसरा आलो की नऊ आणि आरामात सेफ. पावणेअकराला माझी पाळी आली, घरात सगळे झोपलेले, मी ओट्याशी उभा राहून फोनवर. वरच्या आडव्या रांगेत माझ्या चार फरश्या होत्या, पांढरी तेवढी बाकी. आणि समोर एका थाळीत एकुलती एक पांढरी. उचलली की रांग पूर्ण, फेरी शेवटची, हिशोब केला तर मी दुसरा, दोन मार्कांनी. पण शेजारी माझी उभी रांग पण होती, चार भरलेल्या, पुढच्या फेरीत नक्की पूर्ण होणारी, त्याचे सात. सात आले असते तर मी पहिला. पहिला म्हणजे बारा मार्क, म्हणजे कदाचित वर, अ मध्ये, जिथे मी सीझन सातनंतर गेलेलो नाही. फ्रिजचा आवाज येत होता. मी पांढरी सोडली.

पुढची फेरी काल झाली. उभ्या रांगेची फरशी मिळाली, तोपर्यंत ठीक. मग सगळ्यांनी बघून बघून एकेक उचललं आणि शेवटी मधोमध सहा काळ्या उरल्या आणि पाळी माझी. काळी बसेल अशी एकही रांग माझ्याकडे रिकामी नव्हती. पास म्हणता येत नाही ह्या खेळात. सहाच्या सहा जमिनीवर. एक, एक, दोन, दोन, दोन, तीन. अकरा मार्क एका चालीत. सात कमावले आणि अकरा घालवले, आणि चौथा. भोपळा.

सहा मार्कांवर तिघं, मी, आत्या आणि सोलापूरचे डॉक्टर. खाली जाणार दोघं. शीटने आपोआप हिशोब केला, ते सूत्रही मीच लिहिलंय. आपसातल्या तुलना प्रत्येकी चार, आत्या तीनदा पुढे, डॉक्टर दोनदा, मी एकदा. मी नको तो उद्योग केला आणि जुन्या पद्धतीने बेरीज करून बघितली. तिघांत माझी सगळ्यात जास्त होती. माझ्या टेबलांवर सगळे रेंगाळणारे होते.

ते मी ग्रुपवर सांगितलं नाही. इथे पहिल्यांदा लिहितोय, आत्या हे वाचणार हे माहीत असून.

सकाळी थोरल्या काकांना फोन केला, ते आता ऐंशीला आलेत, कानाला कमी येतं. ओरडून सांगितलं काका मी खाली आलो, ब मधून क मध्ये. त्यांना वाटलं ऑफिसबद्दल बोलतोय. समजल्यावर म्हणाले, "आम्ही एफ मधून जी मध्ये गेलेलो, सांगितलं का तुला कधी?" नव्हतं सांगितलं. इतक्या वर्षांत एकदाही नाही. "त्या वर्षी पाऊस फार होता," म्हणाले, आणि मग बराच वेळ जी मधल्या कुठल्याशा एका स्पिनरबद्दल बोलत राहिले, पोस्टात होता, ओल्या पिचवर त्याचा बॉल असा थांबून यायचा की काय सांगू.

क चा तक्ता लावलाय. उतरलेल्यांना वरचे नंबर, म्हणजे डॉक्टर एक आणि मी दोन. नागपूरचे सर चार. सातवर ड मधून चढलेला एक मुलगा आहे, नववीत, कोल्हापूरचा, वडिलांच्या खात्यावरून खेळायचा आणि पकडला गेल्यावर स्वतःचं खातं काढून परत ई पासून सुरुवात केली (कलम सतरा). दोन-तीन-चार-सात, म्हणजे मी आणि तो आणि सर एका टेबलावर. त्याने मला मेसेज केलाय, "काका तुम्ही ब मधले ना, मला तुमच्याशी खेळायचंच होतं." पुढच्या आठवड्यात सुरू म्हटलं होतं मी, तर म्हणतो टेबल उघडा की आत्ताच, घड्याळ चालू नका करू, मी नुसती पहिली चाल खेळतो.

उघडलं. त्याने तीन पिवळ्या घेतल्या आणि तिसऱ्या रांगेत ठेवल्या, पहिल्याच चालीत रांग भरून मोकळा. माझी पाळी आहे. घड्याळ बंद आहे, घाई काही नाही, पण दुपारपासून चौथ्यांदा उघडून बघितलं.